तक्रार केली म्हणजे हरकत घेतली असं होत नाही

नाशिकमध्ये सिडकोतल्या गल्लीत पथदिवा बंद पडला की आपण फोटो काढतो, महापालिकेच्या ॲपवर टाकतो, टोकन नंबर येतो. मग कधीतरी 'निकाली' असा मेसेज. ही तक्रार. गंगापूर रोडवरच्या एखाद्या झाडाच्या बुंध्याला मात्र कागद बांधलेला दिसतो: हे झाड तोडण्याचा प्रस्ताव आहे, कोणाचं काही म्हणणं असेल तर सात दिवसांत लेखी कळवा. त्या कागदाला दिलेलं उत्तर म्हणजे हरकत. हल्ली दोन्ही मोबाइलवरूनच लिहिलं जातं आणि दोन्हींचा पत्ता शरणपूर रोडवरचं राजीव गांधी भवन, म्हणजे महापालिकेचं मुख्यालयच. त्यामुळे गल्लत होते, आणि ती महागात पडते.

दिवा असावा हे आधीच ठरलेलं आहे, तो लागत नाही एवढंच आपलं म्हणणं. म्हणून तक्रार आज केली काय, पुढच्या आठवड्यात केली काय, चालून जातं. हरकत असते अजून ठरायच्या गोष्टीवर, म्हणून तिला मुदत. झाडांची मुदत 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यातली. शहराचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे कुठली जागा कशासाठी याचा कच्चा मसुदा, जाहीर झाला की 1966 च्या नगररचना कायद्यानुसार 30 दिवस मिळतात. मुदतीत आलेल्या हरकती नियोजन समितीपुढे जातात, तिथे आपलं म्हणणं मांडता येतं. एकतिसाव्या दिवशी कितीही मुद्देसूद लिहा, ते निवेदनच.

2027 च्या कुंभमेळ्यासाठी तपोवनात साधुग्राम, म्हणजे साधूंच्या मुक्कामाची वसाहत, उभारायचं म्हणून झाडं तोडण्याची नोटीस 2025 च्या नोव्हेंबरात निघाली, तेव्हा हा फरक सगळ्या नाशिकने पाहिला. रील्स फिरल्या, ऑनलाइन सह्या झाल्या, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर रात्री एकपर्यंत झाडांच्या फोटोंचा पाऊस. आवाज त्यानेच झाला, ते नाकारत नाही. पण ज्यांनी मुदतीत लेखी हरकती दिल्या, त्यांच्यामुळे सुनावणी हा विषय उभा राहिला. ग्रुपवरच्या फोटोंना आवक क्रमांक, म्हणजे कार्यालयात कागद आल्याची नोंद, पडत नाही.

तंत्रज्ञानाने आपल्याकडे तक्रार फार सोपी केली: खड्डा, कचरा, पाणी, यादीतून निवडा, झालं. हरकत मात्र अजून स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये अडकलेली. आराखड्याचा नकाशा मोबाइलवर मोठा करा. हिरवा पट्टा दिसतो, पण तो आपल्याच गल्लीतल्या मैदानाचा आहे का, हे जमिनीचा गट नंबर वाचता आला तर कळणार! आणि तक्रारींचे आकडे दाखवून 'लोकसहभाग वाढला' असं कोणी म्हणालं की मला थोडं हसू येतं.

ठरण्याच्या आधी लोकांना विचारायला डिजिटल साधनं वापरता येतातच. माद्रिद शहराने 2015 मध्ये एक पोर्टल सुरू केलं. त्यावर नागरिकाने मांडलेल्या प्रस्तावाला सोळा वर्षांवरच्या 1 टक्का रहिवाशांचा पाठिंबा मिळाला की तो सगळ्या शहरापुढे मतदानाला जातो. तैवानने त्याच वर्षी उबरच्या नियमांवर चर्चा घेतली ती पोलिस नावाच्या साधनावर (आपल्या खाकीतल्या पोलिसांशी संबंध नाही). तिथे दुसऱ्याच्या विधानाला सहमत, असहमत किंवा पुढे, एवढंच म्हणता येतं. उत्तर देण्याचं बटणच नाही, त्यामुळे भांडण पेटत नाही, आणि एरवी विरुद्ध बाजूंना असलेले गट ज्या विधानावर एकत्र येतात, ते वर दिसतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपला हे तातडीने बसवायला हवं.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. पुण्यात 2006 पासून नागरिक आपल्या प्रभागातली छोटी कामं अर्ज भरून अंदाजपत्रकासाठी सुचवतात. कागदी अर्जावर सुरू झालेली गोष्ट, पण ती बरोबर बाजूची: पैसे कुठे जाणार हे ठरण्याआधीची.

असं काही नाशिकमध्ये येईपर्यंत नोटीस दिसली की तिचाच फोटो काढा, तारखेसकट. हरकतीत झाडाचा किंवा गटाचा क्रमांक, आपलं नाव, पत्ता आणि 'सुनावणीस हजर राहू इच्छितो' हे वाक्य टाका. ईमेल केली तरी एक प्रत छापून आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शिक्क्यावरची तारीख नीट उठली आहे ना, ते खिडकीपाशीच बघा.