मामून, अल्-

मामून, अल्- : (सप्टेंबर ७८६–ऑगस्ट ८३३). अब्बासी घराण्यातील सातवा खलीफा, कारकीर्द ८१३–३३. मूळ नाव अब्दुल्ला बिन हारून. हारून अल्-रशीदचा हा पुत्र. आई मराजिल ही इराणी दासी. सावत्र भाऊ अमीन वयाने थोडा धाकटा, पण त्याची आई झुबैदा अब्बासी कुळातलीच, म्हणून वारसाहक्कात तो पहिला ठरला. ८०२ मध्ये हारूनने मक्केत दोघांकडून करारपत्रे लिहून घेतली व ती काबागृहात ठेवली. अमीननंतर मामून खलीफा व्हावा, तोवर खोरासान (इराणच्या पूर्वेकडील प्रांत) त्याच्याकडे असावा, असे ठरले होते. हारूनच्या मृत्यूनंतर (८०९) दोन वर्षांतच यादवी पेटली. ताहिर बिन हुसैन या सेनापतीने बगदादला सुमारे वर्षभर वेढा घातला. ८१३ मध्ये शहर पडले व अमीन मारला गेला.

मामून मात्र खोरासानातील मर्व या शहरीच राहिला. तेथे ८१७ मध्ये त्याने शिया पंथीयांचे आठवे इमाम अली अल्-रझा यांना वारस नेमले आणि निशाणे व पोशाख यांसाठीचा अब्बासींचा काळा रंग सोडून हिरवा स्वीकारला. बगदादकरांनी संतापून त्याचा चुलता इब्राहीम याला खलीफा केले. मामून परतीच्या वाटेवर असताना ८१८ मध्ये वजीर फझ्ल बिन सहल याचा खून झाला व त्याच वर्षी अली अल्-रझा तूस येथे मरण पावले. शिया परंपरेनुसार त्यांच्यावर विषप्रयोग झाला. ८१९ मध्ये खलीफा बगदादेत आला आणि लवकरच काळा रंगही परतला.

मामूनची कीर्ती मुख्यतः विद्येच्या आश्रयावर उभी आहे. ‘बैत अल्-हिक्मा’ (ज्ञानगृह) ही ग्रीक ग्रंथांच्या भाषांतराची अकादमी त्याने स्थापली, असे अनेक ग्रंथांत आढळते. दहाव्या शतकातील ग्रंथसूचीकार इब्न अल्-नदीम या संस्थेचा उल्लेख करतो. तिचा संबंध मात्र तो हारूनच्या काळाशीही जोडतो. ग्रीक वैद्य गॅलनच्या ग्रंथांच्या भाषांतरांची तपशीलवार यादी देणारा नवव्या शतकातील भाषांतरकार हुनैन बिन इसहाक तिचे नावही घेत नाही. त्यामुळे सासानी (इस्लामपूर्व इराणी राजघराण्याच्या) धर्तीवरचे ते राजवाड्यातील ग्रंथालय असावे, हे आधुनिक अभ्यासक दिमित्री गुटास यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. ॲरिस्टॉटल स्वप्नात आल्याने भाषांतरे सुरू झाली, ही कथाही मागाहूनची असावी. भाषांतरांना मन्सूर या आधीच्या अब्बासी खलीफाच्या काळातच (७५४–७५) चालना मिळाली होती. त्याच काळात, बहुधा ७७० नंतरच्या दशकात, एक भारतीय ज्योतिषग्रंथ (खगोलशास्त्रावरील) बगदादला पोचला. तो ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतील असावा. त्यावर आधारित कोष्टके पुढे मामूनच्या आश्रयास असलेल्या अल्-ख्वारिझ्मीने रचली; आपला बीजगणितावरील ग्रंथ लिहिण्यास उत्तेजन दिल्याबद्दल त्याने खलीफाचा गौरव केला आहे.

वेधकार्याचा पुरावा भक्कम आहे. बगदादमधील शम्मासिया येथे (सु. ८२८) व नंतर दमास्कसजवळ कासियून टेकडीवर सूर्य-चंद्राचे वेध घेण्यात आले. सिंजारच्या मैदानात ध्रुवाची उंची एक अंशाने बदलेपर्यंत याम्योत्तर (दक्षिणोत्तर) रेषेवर चालत जाऊन अंतर मोजले गेले. ते ५६ किंवा ५६ २/३ अरबी मैल भरले; मूळ वृत्तांतांतच मतभेद आहे. मैल ४,००० हातांचा होता, परंतु हाताची लांबी वादग्रस्त असल्याने हे मान एका अंशाच्या आजच्या सु. १११ किमी. लांबीशी किती जुळते, हे ठामपणे ठरवता येत नाही. पुढे अकराव्या शतकात अल्-बीरूनी या विद्वानाने पंजाबातील नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिजाचा नतिकोन (ते समपातळीच्या किती खाली दिसते तो कोन) मोजून ते निराळ्या रीतीने पडताळले.

कुराण ईश्वरनिर्मित आहे, अनादी नव्हे, हे मुतझिली (बुद्धिवादी इस्लामी धर्मपंथाचे) मत मामूनने ८२७ मध्ये जाहीर केले. ८३३ मध्ये काझी व हदीसपंडितांची (पैगंबरांच्या वचनांच्या अभ्यासकांची) त्यावर परीक्षा (मिहना) घेण्याचा हुकूम त्याने बगदादला पाठविला. याचे कारण केवळ तत्त्वनिष्ठा नसावे. धर्मनिर्णयाचा अधिकार उलेमांकडून (धर्मपंडितांकडून) खलीफाकडे आणण्याचा हेतू त्यामागे दिसतो, आणि अली अल्-रझांची नेमणूकही याच संदर्भात पाहणे योग्य ठरेल. हदीसपंडित अहमद बिन हनबल यांनी हे मत मानण्यास नकार दिला. त्यांना बेड्या घालून तार्ससकडे (आजच्या तुर्कस्तानात) नेले जात असतानाच, बायझंटिन मोहिमेवर असलेला मामून मरण पावला. त्याचे दफन तार्सस येथे झाले. त्याचा भाऊ मुअतसिम याच्या कारकीर्दीत इब्न हनबल यांना फटके मारण्यात आले, तरी ते बधले नाहीत. पुढचा खलीफा मुतवक्किल (८४७–६१) याच्या काळात मिहना बंद झाली. त्यानंतर धर्मनिर्णयाचा अधिकार प्रत्यक्षात उलेमांकडेच राहिला.