साडेतीन स्टार आले कुठून?

शुक्रवारी दुपारी बारा-एकपर्यंत नागपुरातल्या बहुतेक फोनांवर नव्या पिक्चरच्या स्टारचा आकडा येऊन पडलेला असतो. कुणी अडीच दिलेत, कुणी चार, तिकिटाच्या अॅपवर दहापैकी साडेआठ. मग ग्रुपवर एकच प्रश्न: "जायचं का बे?" परीक्षण कुणी वाचलेलं नसतं, आकडा मात्र सगळ्यांना पाठ असतो. आणि तो बऱ्याचदा साडेतीन असतो. तीन दिले तर निर्माता रुसतो, चार दिले तर वाचक हसतो. साडेतीनवर कुणाचंच काही जात नाही.

मराठी माणसाला हा आकडा तसा जवळचाच. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेही साडेतीन. त्यांतले देवाजीपंत चोरघडे तर नागपूरकर भोसल्यांच्या पदरी होते. अर्धे शहाणे नाना फडणवीस. हुशारी पुरेपूर, पण तलवार चालवायची नाही म्हणून अर्धे. आपल्या परीक्षणांतल्या त्या वरच्या अर्ध्या स्टारची गोष्ट काहीशी तशीच आहे.

सिनेमाला स्टार देण्याची पद्धत आता शंभरीला टेकली. ३१ जुलै १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'मध्ये आयरीन थायरर या समीक्षक बाईंनी 'द पोर्ट ऑफ मिसिंग गर्ल्स' या चित्रपटाला एक स्टार दिला, तिथून हे सुरू झालं असं मानतात. त्यांची मोजपट्टी तीनच स्टारची होती. खूण मात्र त्यांनी शोधलेली नव्हती. प्रवाशांसाठीच्या गाइडबुकांत ती आधीपासून होती, आणि फ्रान्सच्या मिशेलिन या टायर कंपनीने १९२६ पासून चांगल्या खाणावळींपुढे तारा छापायला सुरुवात केली होती. म्हणजे ही खूण मूळची परक्या गावात उतरलेल्या माणसासाठी. त्याच्याकडे वेळ नाही, गावात ओळखीचं कुणी नाही, आणि आज रात्री कुठे जेवायचं एवढंच त्याला ठरवायचंय.

नागपूरकर प्रेक्षकाची स्थिती बराच काळ नेमकी याच्या उलट होती. वेळ भरपूर आणि सगळेच ओळखीचे.

याचं कारण धंद्याच्या रचनेत होतं. हिंदी सिनेमाच्या वितरणासाठी देशाचे विभाग पाडलेले आहेत, त्यांना सर्किट म्हणतात. नागपूर येतं 'सीपी-बेरार' सर्किटमध्ये. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा इंग्रजी अमदानीतला प्रांत, नागपूर त्याची राजधानी. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला. नकाशावरून सीपी-बेरार पुसलं गेलं, पण पिक्चरच्या धंद्यात विदर्भ, महाकोशल आणि छत्तीसगड आजही त्याच नावाने एकत्र नांदतात. वितरकांच्या कचेऱ्या अमरावतीत, त्यांची संघटना भुसावळला. नागपूर एवढं मोठं शहर, पण पिक्चरचा कारभार दुसऱ्याच गावांतून चाले, याची आम्हाला कधी फारशी खंतही वाटली नाही.

प्रिंट, म्हणजे पिक्चरची रिळांवरची प्रत, काढणं महाग होतं, त्यामुळे त्या मोजक्याच निघत. आधी मुंबई-दिल्लीत लागत, मग आमच्याकडे येत, आणि आमच्याकडून घासूनपुसून तालुक्याला जात. भंडारा-गडचिरोलीच्या पडद्यावर ओरखड्यांचा पाऊस पडायचा तो त्यामुळे. परिणाम असा की मुंबईच्या मासिकातलं परीक्षण पिक्चरच्या आधी येऊन पोचायचं. वाचून लोक थांबायचे. पिक्चर व्हरायटीला लागतो की लिबर्टीला, यावर पैजा लागायच्या. (व्हरायटी चौक, पंचशील चौक ही नावं टॉकीजवरून पडलेली आहेत, हे नव्या पोरांना सांगावं लागतं.)

त्या काळातलं परीक्षणांचं सर्वांत दणदणीत नाव बाबूराव पटेल. पालघरकडच्या मासवणचा हा माणूस. १९३५ साली त्यांनी मुंबईत 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक काढलं. स्टार-बिर काही नाही. भाषा हीच तलवार. एका परिच्छेदात नट झोपवायचा, दुसऱ्यात दिग्दर्शक, आणि उरलेल्या जागेत वाचकांच्या पत्रांना तिखट उत्तरं. ती उत्तरं वाचण्यासाठी अंक विकत घेणारे कितीतरी होते. पण पटेलांची कथा इथे संपत नाही. ते स्वतः पिक्चरही काढत. १९४४ साली त्यांनी 'द्रौपदी' दिग्दर्शित केला, नायिका त्यांच्या पत्नी सुशीलाराणी. दुसऱ्यांच्या नायिकांना सोलून काढणाऱ्या माणसाने घरच्या पिक्चरबद्दल काय लिहायचं? समीक्षक कुणाच्या बाजूचा, हा आज पैसे घेऊन स्टार वाटण्यावरून होणारा वाद आपल्याकडे स्टार यायच्या आधीपासून आहे, एवढाच याचा अर्थ. पुढे १९६७ साली पटेल मध्य प्रदेशातल्या शाजापूरहून लोकसभेवर निवडून गेले. तिखट लिहिण्याचं असंही चीज होतं.

दुसरी धारा अगदी वेगळी होती. १९४७ साली सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली आणि बाहेरदेशीचे सिनेमे पाहून त्यावर बोलण्याची सवय लावली. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. संग्रहालयाचे पी. के. नायर आणि फिल्म इन्स्टिट्यूटचे सतीश बहादूर यांच्या रसास्वाद शिबिरांतून मराठीत लिहिणाऱ्यांची एक पिढी शहाणी झाली. नागपुरात हे काम 'सिने मोंताज'सारख्या सोसायटीने केलं. तिथे पिक्चर संपल्यावर दिवे लागतात आणि मोजके लोक बसून राहतात. कुणीतरी म्हणतं, "तो दरवाजाचा शॉट पुन्हा आठवा." स्टार किती, असं तिथे कुणी विचारलेलं मी ऐकलेलं नाही. अरुण खोपकरांच्या गुरुदत्तवरच्या मराठी पुस्तकाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो याच परंपरेचा. १९८४ सालच्या पुरस्कारांपासून सर्वोत्कृष्ट चित्रपट समीक्षकालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळू लागला.

पण नागपूरच्या सदर भागात तिकिटाच्या रांगेत उभा राहणारा प्रेक्षक या दोन्ही धारांतला नव्हता. त्याचा समीक्षक सायकल स्टँडवर उभा असायचा. बारा ते तीनचा शो सुटला की सायकल काढणाऱ्या पहिल्या माणसाला विचारायचं, "कसा हाय?" उत्तरं ठरलेली. "एक नंबर", "टाइमपास", "इंटरव्हलपर्यंत बरा", आणि सर्वांत वाईट म्हणजे नुसतीच मान हलवून पॅडल मारणं. माझ्या काकांचा आणखी एक नियम होता: थर्डवाले, म्हणजे सर्वांत स्वस्त तिकिटाचे, गाण्यात बाहेर बिडी ओढायला निघाले तर पिक्चर पडला. ही मोजपट्टी फार क्वचित चुकायची.

छापील समीक्षा मात्र चुकायची, आणि तिची सर्वांत मोठी चूक सगळ्यांना माहीत आहे. १५ ऑगस्ट १९७५ ला 'शोले' आला, तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी त्याला झोडपलं. धंद्यातल्या लोकांनीही पहिल्या आठवड्यात मान टाकली. मग बघून आलेल्यांनी दुसऱ्यांना सांगितलं, दुसऱ्यांनी तिसऱ्यांना, आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. फिल्मफेअरने त्याला एकच पुरस्कार दिला, संकलनाचा, एम. एस. शिंदे यांना. मराठी माणूस म्हणून मला तो पुरस्कार आवडतो; बाकीच्यांबद्दल न बोललेलं बरं.

त्याच सुमाराला अमेरिकेत आकड्याचं राज्य पक्कं होत होतं. १९७५ सालीच शिकागोचे रॉजर एबर्ट हे समीक्षेसाठीचं पुलित्झर मिळवणारे पहिले चित्रपट समीक्षक ठरले. पुढे जीन सिस्केल यांच्याबरोबरच्या टीव्ही कार्यक्रमात त्यांचा अंगठा वर की खाली, एवढ्यावर पिक्चरची जाहिरात होऊ लागली. एबर्ट स्टार देत, पण स्टार सापेक्ष असतात हे स्वतःच बजावून सांगत. जाहिरातीत अंगठा तेवढा छापला जाई.

आपल्याकडे इंग्रजी वर्तमानपत्रांच्या मागोमाग मराठी पुरवण्यांनीही पाचपैकी स्टार छापायला सुरुवात केली. खरा बदल मात्र लेखणीने झाला नाही, तो डिशने झाला. २००५ च्या आसपास उपग्रहावरून पिक्चर थेट टॉकीजमध्ये पोचवणं सुरू झालं आणि प्रिंटची टंचाई संपली. नागपूर, वर्धा, यवतमाळ, सगळीकडे एकाच शुक्रवारी. कमाई पहिल्या तीन दिवसांत उरकायची असल्यावर सायकल स्टँडवरच्या माणसाची वाट बघायला सवड कुणाला? एम्प्रेस मिलच्या जागेवर मॉल उभा राहिला, तिकीट फोनवर आलं, आणि नागपूरकर आपल्याच गावात तो परका प्रवासी झाला: वेळ नाही, विचारायला कुणी नाही.

आता आकडेही एका जातीचे राहिले नाहीत. १९९८ साली सुरू झालेल्या 'रॉटन टोमॅटोज'ची टक्केवारी ही गुणांची सरासरी नसते. किती समीक्षकांचं मत अनुकूल, एवढंच ती सांगते. दहाजणांनी "ठीक आहे, बघा" म्हटलं तर शंभर टक्के. सहाजणांनी "अफाट" आणि चौघांनी "भिकार" म्हटलं तर साठ. दुसरा पिक्चर कदाचित जास्त बघण्यासारखा असेल, पण आकडा त्याच्या विरोधात जातो. तिकिटाच्या अॅपवरचे दहापैकी गुण प्रेक्षक देतात. त्यांत चाहत्यांच्या फौजा असतात, दुसऱ्या नटाच्या फौजा असतात, आणि आपल्या गावचाही एक हिशोब असतो. राजकुमार हिरानी नागपूरचे, तेव्हा त्यांच्या पिक्चरला आमच्याकडून अर्धा स्टार आहेर म्हणून जातो. नागपुरात चित्रित झालेल्या 'झुंड'च्या वेळी तर लोक पडद्यावर गोष्टीआधी आपली गल्ली शोधत होते.

या आकड्यांवरून भांडणं कोर्टातही गेली. २०२३ साली केरळ उच्च न्यायालयापुढे पिक्चर लागताच ठरवून पाडण्याच्या परीक्षणांचा प्रश्न आला. २०२४ च्या डिसेंबरात तमिळ निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयात मागणी केली की प्रदर्शनानंतर पहिले तीन दिवस ऑनलाइन परीक्षणं बंद ठेवावीत. न्यायालयाने तसा तातडीचा आदेश दिला नाही. तीन दिवस म्हणे! आमच्या वेळी मुंबईत पिक्चर झोडपला जायचा, वर्तमानपत्रात ते छापून यायचं, त्याच कागदात भजी बांधून यायची, आणि पिक्चर मात्र अजून नागपूरला लागायचाच असायचा.