एल्कसाठी ठासणीची बंदूक: गोळी आधी निवडा, दारू मग ठरवा

कॉलोरॅडोत ठासणीच्या बंदुकीचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला लागतो. ऑगस्ट उजाडला की आमच्या दुकानाच्या काउंटरवर रोज तोच प्रश्न येतो: "दारू किती ग्रेन घालू?" आम्ही उलट विचारतो, "गोळी कोणती घालणार?" दारू वाढवून एल्क, म्हणजे इथलं मोठं हरीण, पडत नाही. पूर्ण वाढलेला नर साधारण 300 किलोंचा, आपल्याकडच्या दांडग्या सांबराच्या तोडीचा. त्याच्या बरगड्यांतून आरपार जायला गोळीत वजन लागतं.

0.50 कॅलिबरची, म्हणजे अर्धा इंच व्यासाच्या नळीची, शिशाची गोल गोळी साधारण 177 ग्रेनची, म्हणजे साडेअकरा ग्रॅम. नळीतून ती सुसाट निघते, पण हवा तिला लगेच रोखते आणि 100 यार्डांवर निम्म्याहून जास्त जोर गेलेला असतो. लांबट, निमुळत्या शिशाच्या गोळ्या 350 ते 450 ग्रेनच्या मिळतात. निघतात सावकाश, पण जोर टिकवून ठेवतात. एल्कसाठी आम्ही याच देतो. गोल गोळीचाच हट्ट असेल तर 50-60 यार्डांच्या पुढे चाप ओढू नका. नळीच्या आतल्या खाचांचा पीळही बघून घ्या: 28 इंचांत एक फेरा असेल तर लांबट गोळी, 66 इंचांत एक असेल तर गोल.

या हंगामासाठी राज्याचे नियम कडक आहेत. एल्कला किमान 0.50 कॅलिबर लागतं. लांबट गोळीची लांबी व्यासाच्या दुपटीपेक्षा जास्त नको. प्लॅस्टिकच्या वेष्टणातली सॅबो गोळी, दारूच्या तयार वड्या आणि दुर्बीण, तिन्हींना बंदी. नियमपुस्तिका दरवर्षी नव्याने वाचा.

आता दारू. इथे ग्रेन हा शब्द फसवतो. गोळीचे ग्रेन वजनाचे, दारूचे आकारमानाचे, मापट्याने मोजायचे. काळ्या दारूच्या पर्यायी दारू वजनाला हलक्या असतात. त्या तराजूवर तोलून घातल्या तर बार जास्त भरला जातो, म्हणून मापट्यानेच भरा. यातली ट्रिपल सेव्हन नावाची दारू जास्त जोरकस आहे, तिचं माप काळ्या दारूपेक्षा सुमारे 15 टक्के कमी धरा. काडतुसातली बिनधुराची दारू चिमूटभरही नको, नळी फुटते.

बंदुकीच्या पुस्तिकेतल्या सर्वांत कमी मापापासून सुरुवात करा. तीन बार कागदावर उडवा, दर बारानंतर नळी पुसा, मग पाच ग्रेन वाढवा. तीन भोकं जिथे जवळजवळ येतील ते तुमचं माप. पुस्तिकेतली कमाल मर्यादा ओलांडायची नाही. बऱ्याच जणांचं माप 80-90 च्या आसपास ठरतं आणि एवढं कमी म्हणजे काही चुकलं, असं त्यांना उगाच वाटतं. चुकलेलं काही नसतं; त्यापुढे वाढतो तो बहुतेक खांद्याला बसणारा धक्का.

बार नीट ठासला की ठासायचा गज नळीच्या तोंडाशी जिथे येतो तिथे खूण करा. रानात दर तासाला गज घालून पाहा. खूण वर आली तर गोळी सरकली आहे, मधल्या पोकळीने नळी फुगू शकते. पुन्हा खाली ठासा, पण आधी टोपी, म्हणजे बार पेटवणारी ठिणगीची टिकली, काढून. गाडीत बसतानाही टोपी काढलेलीच हवी.

बार उडाला नाही तर नळी निर्धोक दिशेला धरून मिनिटभर थांबा. संध्याकाळी कितीही दमलात तरी गरम साबणपाण्याने नळी धुवा. काळ्या दारूची काजळी ओल धरते आणि सकाळपर्यंत गंज चढू लागतो.

बंदूक, तिची पुस्तिका आणि मापटं घेऊन या. गजावरची खूण इथेच करून देऊ.