इंपीरियल खोरे : स्थलनिर्देशक नकाशांकन

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या इंपीरियल खोऱ्याचा बराचसा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. सीमेवरचे कॅलेक्सिको जवळपास समुद्रसपाटीवर, तर तेथून उत्तरेला सुमारे 50 किमी. अंतरावरच्या सॉल्टन सरोवराचा पृष्ठभाग सुमारे 70 मी. खाली असल्याने जमिनीचा उतार किलोमीटरमागे जेमतेम दीड मीटर पडतो. कोलोरॅडो नदीचे कालव्याने आणलेले पाणी याच उतारावर शेतोशेत फिरते; म्हणून येथे जमिनीची उंची व चढउतार दाखवणाऱ्या, म्हणजे स्थलनिर्देशक, नकाशात उंचीतील हातभर चूकही महागात पडते.

पश्चिमेच्या सांता रोझा रांगेतील टोरो शिखर मात्र 2,657 मी. उंच आहे. समोच्च रेषा म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा. लगतच्या दोन समोच्च रेषांमधील उंचीचे जे अंतर खोऱ्यात उपयोगी पडते, त्याच अंतराने डोंगर रेखाटला तर रेषा एकमेकींत मिसळून कागद काळा होईल, आणि डोंगराला साजेसे अंतर खोऱ्यात वापरले तर शेतजमीन कोरी दिसेल. त्यामुळे उंचीचे हे अंतर सपाटीवर कमी व चढावर जास्त ठेवावे लागते.

निसर्गानेही येथे एक समोच्च रेषा आखून ठेवली आहे. काहुइया या प्राचीन सरोवराची काठरेषा समुद्रसपाटीपासून सुमारे 12 मी. उंचीवर, सांता रोझाच्या पायथ्याच्या खडकांवर चुनखडीच्या पुटांच्या रूपाने आजही स्पष्ट दिसते. पाहणाऱ्याला समोच्च रेषेचा अर्थ कळावा, यासाठी याहून चांगले ठिकाण क्वचितच सापडेल.

खोऱ्यातील सिंचन 1901 मध्ये सुरू झाले. 1905 मध्ये कोलोरॅडो नदी कालव्याच्या मुखाशी फुटली आणि 1907 मध्ये भगदाड बुजवेपर्यंत कोरड्या खोलगटात आजचे सॉल्टन सरोवर साचले. त्याला बाहेर पडण्याची वाट नाही. बाष्पीभवन आणि शेतांतून निचरून येणारे पाणी यांवर त्याचा काठ पुढेमागे सरकतो. म्हणूनच नकाशावरील काठरेषेला पाहणीच्या तारखेविना फारसा अर्थ उरत नाही.

पूर्वी त्रिकोणीकरण (त्रिकोणांचे कोन मोजून ठिकाणे निश्चित करणे), तलमापन (उंचीतील फरक मोजणे) आणि प्लेन टेबल (जागेवरच नकाशा रेखाटण्याचा सपाट फळा) यांवर नकाशांकनाचे काम चाले. पुढे हवाई छायाचित्रे व आता लायडार, म्हणजे लेसर किरणांनी जमिनीची उंची मोजण्याचे तंत्र, आले. पूर्वेच्या चॉकलेट डोंगरांत लष्करी गोळीबार क्षेत्रामुळे पायी प्रवेश बंद असल्याने तेथे आकाशातून केलेल्या मोजणीचे मोल अधिक आहे.

येथील जमीनही स्थिर नाही. 1940 च्या भूकंपात इंपीरियल प्रस्तरभंगाच्या (भूकवचातील भेगेच्या) दोन्ही बाजू एकमेकींलगत विरुद्ध दिशांना सरकल्या आणि संत्र्यांच्या बागांतील सरळ ओळी तुटल्या. नव्याने बांधलेला ऑल-अमेरिकन कालवाही सीमेजवळ जागचा हलला. अशा भूमीवरील तलचिन्हांच्या, म्हणजे उंची मोजून ठेवलेल्या कायम खुणांच्या, उंची पुन्हा पुन्हा तपासाव्या लागतात.