अंडबीज काढल्यानंतरचा ‘सपोर्ट’ आला कुठून?

नागपुरात धंतोली-रामदासपेठेच्या दवाखान्यांत गडचिरोली-गोंदियापासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतची माणसं येतात. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात अंडबीजं काढून झाली की ‘सपोर्ट’ सुरू होतो: गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या योनीत ठेवायच्या कॅप्सूल, जेल, नाहीतर कमरेत घ्यायची तेलातली इंजेक्शनं. औषधांची पिशवी घरी आली की ‘सुनेच्याच अंगात हार्मोन कमी आहे’ असं बोललं जातं. हे बोलणं अन्यायाचं आहे, आणि चुकीचंही.

अंडबीज बाहेर पडल्यावर अंडाशयात त्या जागी पीतपिंड नावाची हार्मोन बनवणारी छोटी गाठ तयार होते. हा पिंड काढला तर गर्भ रुजत नाही, हे जर्मन डॉक्टर लुडविग फ्रेंकेल यांनी १९०३ मध्ये सशांवर दाखवलं. त्यातला हार्मोन, म्हणजे प्रोजेस्टेरॉन, १९३४ मध्ये शुद्ध रूपात हाती आला. पुढे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रसेल मार्कर यांनी मेक्सिकोतल्या रानकंदापासून तो बनवला आणि औषध स्वस्त झालं.

१९७८ मध्ये पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन जन्मली ती नैसर्गिक पाळीतल्या एकाच अंडबीजातून. नंतर जास्त अंडबीजांसाठी इंजेक्शनं आली आणि पाळीचा उत्तरार्ध आखडू लागला. आधी संशय अंडबीज काढायच्या सुईवर गेला: द्रव ओढताना हार्मोन बनवणाऱ्या पेशीही निघून जातात, असं वाटलं. मग अंडबीजं पिकवण्यासाठी देत त्या एचसीजी हार्मोनच्या इंजेक्शनवर. खरं कारण वेगळंच निघालं. एकाऐवजी अनेक पीतपिंड एकदम एवढे हार्मोन सोडतात की मेंदूखालची पियुषिका ग्रंथी पीतपिंडाला जगवणारं एलएच हे हार्मोन आवरतं घेते, आणि एलएचविना पीतपिंड वेळेआधीच सुकतात. अगदी निरोगी बाईतही हेच होतं. म्हणजे उणीव उपचारातून येते, आणि सपोर्ट ती भरून काढतो.

सुरुवातीला सपोर्टसाठी एचसीजीच पुन्हा देत. पण त्याने अंडाशयं सुजून पोटात पाणी होण्याचा धोका वाढे, म्हणून प्रोजेस्टेरॉन पुढे आलं. तोंडावाटे घेतलेलं बरंचसं यकृतातच मोडतं, म्हणून योनीमार्ग. डायड्रोजेस्टेरॉन ही प्रोजेस्टेरॉनसारखी जुनी गोळी मात्र तोंडाने घेता येते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ती योनीतल्या कॅप्सूलपेक्षा कमी ठरली नाही. एसटीने तासन्‌तास प्रवास करणाऱ्या, भरल्या घरात आडोसा शोधणाऱ्या बाईसाठी मला ही फार मोलाची गोष्ट वाटते.

सपोर्ट किती दिवस? सत्तरच्या दशकात संशोधक आर्पाद चापो यांनी दाखवलं की सातव्या आठवड्याआधी पीतपिंड काढला तर गर्भ पडतो. नवव्यानंतर सहसा पडत नाही, कारण तोवर वार (गर्भाला पोसणारा अवयव) प्रोजेस्टेरॉन बनवू लागते. म्हणून अनेक डॉक्टर आठ ते दहा आठवड्यांपर्यंत औषध देतात. काही अभ्यासांत, ताजा (न गोठवलेला) गर्भ गर्भाशयात सोडल्यावर गरोदरपणाची चाचणी पॉझिटिव्ह येताच थांबवूनही फरक पडला नाही. पण गोठवलेला गर्भ गोळ्यांनी तयार केलेल्या गर्भाशयाच्या अस्तरात सोडला असेल, तर पीतपिंडच नसतो. तिथे वार काम हाती घेईपर्यंत सगळं प्रोजेस्टेरॉन बाहेरूनच येतं, आणि एकही डोस मनाने बंद करायचा नसतो.