डेटा सेंटर जाळ्यातील ऊर्जाबचत

डेटा सेंटरमधील सर्व्हर एकमेकांशी आणि बाहेरच्या जगाशी जोडणारे स्विच (माहिती योग्य वाटेने पुढे पाठवणारी उपकरणे), केबली व प्रकाशीय ट्रान्सीव्हर (विजेचे संकेत प्रकाशात आणि प्रकाशाचे विजेत बदलणारे भाग) यांना लागणारी वीज कमी करण्याच्या पद्धती. सर्व्हरमधील आणि थंडाव्याच्या यंत्रणेतील बचत हा वेगळा विषय असून येथे तो प्रसंगापुरताच आला आहे.

एकूण विजेत जाळ्याचा वाटा किती, याबाबत अभ्यासकांचे एकमत नाही. साधारणतः 10 ते 20 टक्के असे म्हटले जाते; मात्र ट्रान्सीव्हर आणि सर्व्हरमधील नेटवर्क कार्ड हिशेबात धरले की नाही, यानुसार आकडा बदलतो. गूगलमधील डेनिस ॲब्ट्स व सहकाऱ्यांनी 2010 मध्ये मांडलेला हिशेब अधिक उद्‌बोधक वाटतो. सर्व्हर पूर्ण भारावर असतील तर जाळे सुमारे 12 टक्के वीज घेते. पण सर्व्हर भाराच्या प्रमाणातच वीज घेऊ लागले आणि भार 15 टक्क्यांवर आला, तर जाळ्याचा वाटा निम्म्याच्या घरात जातो. याचे कारण स्विचच्या घडणीत आहे. रिकामा स्विच आणि गच्च भरलेला स्विच यांच्या वीजवापरात एरवी फारसा फरक नसतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील त्याच वर्षीच्या एका मोजणीत तो 8 टक्क्यांहून कमी भरला.

या विचाराचा आरंभ बहुधा 2003 पासून धरतात. त्या वर्षी पोर्टलंड स्टेट विद्यापीठातील मारुती गुप्ता व सुरेश सिंग यांनी राउटर व स्विच यांचे निष्क्रिय भाग झोपवण्याची, म्हणजे कमी विजेच्या अवस्थेत नेण्याची, कल्पना मांडली. संगणकतज्ज्ञ केनेथ क्रिस्टनसेन यांचे काम 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धातले असल्याने काहीजण आरंभ तेथवर मागे नेतात. परंतु ते काम जाळ्याला जोडलेले संगणक झोपवण्याविषयी होते, खुद्द जाळ्याविषयी नव्हे; त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य दिसते. डेटा सेंटर हा स्वतंत्र विषय म्हणून पुढे आला तो 2007 नंतर. गूगलमधील लुईझ बारोसो व उर्स ह्योल्त्सले यांनी त्या वर्षी ‘भाराच्या प्रमाणात वीज’ हे सूत्र सर्व्हरसाठी मांडले; जाळ्याला ते नंतर लावले गेले.

दुव्याची, म्हणजे दोन उपकरणांमधील जोडणीची, वीज वाचवण्याचे दोन मार्ग पुढे आले : गती उतरवणे आणि झोपवणे. पहिल्यात रहदारी कमी असताना 10 गिगाबिटचा दुवा 1 गिगाबिटवर आणतात. दुसऱ्यात पाकिटे (माहितीचे छोटे तुकडे) पूर्ण वेगाने पाठवून मधल्या फटीत प्रेषक बंद ठेवतात. 2010 मध्ये संमत झालेल्या आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या 802.3एझेड या मानकाने दुसरा मार्ग स्वीकारला. गती बदलताना दोन्ही टोकांचा मेळ बसेपर्यंत फार वेळ जातो, हे त्यामागचे मुख्य कारण. अर्थात झोपही फुकट मिळत नाही. तांब्याच्या 10 गिगाबिट दुव्याला झोपायला 2.88 व जागे व्हायला 4.48 मायक्रोसेकंद लागतात, तर 1500 बाइटचे पाकीट अवघ्या 1.2 मायक्रोसेकंदांत निघून जाते. पाकिटे सुटी सुटी आली तर दुव्याचा बहुतेक वेळ निजण्या-उठण्यातच जातो. म्हणून पाकिटे थोडा वेळ अडवून ठेवून घोळक्याने सोडण्याची युक्ती सुचवली गेली. तिने वीज वाचते, पण विलंब वाढतो, आणि डेटा सेंटरला नेमका तोच नको असतो. 802.3बीजे या 2014 च्या मानकात ‘फास्ट वेक’ आला. त्यात दुवा लवकर जागा होतो, पण प्रेषक चालूच राहत असल्याने बचत उथळ राहते.

संपूर्ण स्विचच बंद करणे हा अधिक धीट उपाय. 48 पोर्टांचे (केबल जोडण्याच्या जागांचे) एकसारखे स्विच वापरून ‘फॅट-ट्री’ ही स्विचचे थरावर थर असलेली रचना केली, तर 27,648 सर्व्हरसाठी 2,880 स्विच लागतात आणि कोणत्याही दोन दूरच्या सर्व्हरांत अनेक समांतर वाटा राहतात. रात्री त्यांतल्या पुष्कळशा रिकाम्या असतात. स्टॅनफर्डमधील ब्रँडन हेलर व सहकाऱ्यांच्या ‘इलॅस्टिकट्री’ने (2010) रहदारी मोजक्या वाटांवर गोळा करून उरलेले स्विच बंद केले, जाळ्याची वीज 50 टक्क्यांपर्यंत वाचू शकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. व्यवहारात ही पद्धत मागे राहिली. बंद स्विच पुन्हा उभा राहायला काही वेळा मिनिटे लागतात, आणि ज्या वाटा ‘जादा’ म्हणून बंद करायच्या त्याच बिघाडाच्या वेळी कामी येतात. डेटा सेंटर चालवणाऱ्यांना वीजबिलापेक्षा सेवा खंडित होण्याची धास्ती अधिक.

प्रत्यक्षात मोठी बचत साधली ती जाळ्याची रचनाच बदलून. गूगलने ‘जुपिटर’ जाळ्यातील वरचा थर काढून तेथे सूक्ष्म आरशांनी प्रकाश वळवणारे स्विच बसवले. प्रकाशाचे विजेत रूपांतर करण्याचा टप्पा त्यामुळे टळतो. एकूण बदलातून वीज 41 टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने 2022 मध्ये जाहीर केले.

अलीकडे भर ट्रान्सीव्हरवर आहे. 800 गिगाबिटचा एक मॉड्यूल साधारण 15 वॉट घेतो. म्हणजे 64 पोर्टांच्या एका स्विचमध्ये केवळ या प्रकाशीय ट्रान्सीव्हरसाठी 1 किलोवॉटच्या आसपास वीज जाते. प्रकाशीय भाग चिपलगतच बसवण्याचे प्रयत्न त्यासाठीच चालू आहेत.

बचतीच्या मापनात एक विसंगती आहे. ‘द ग्रीन ग्रिड’ या उद्योगसमूहाने 2007 मध्ये रूढ केलेले पीयूई हे गुणोत्तर (जितके कमी तितके चांगले) डेटा सेंटरच्या एकूण विजेला संगणकीय उपकरणांच्या विजेने भागून काढतात, आणि स्विच या उपकरणांतच मोजले जातात. जाळ्याची वीज घटली आणि थंडावा व इतर वरखर्च त्या प्रमाणात घटला नाही, तर पीयूई सुधारण्याऐवजी किंचित बिघडलेलाच दिसतो.