ऊसतोडीला निघण्याआधी स्तनांची तपासणी: कुठे होते, कागदपत्रं कोणती

दसरा झाला की बीड, जालना, धाराशिव भागातल्या टोळ्या हलायला लागतात, त्या मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत. फडावर एक खाडा पडला तरी पैसे कापले जातात. तिथून न दुखणारी गाठ दाखवायला कोण जाणार? म्हणून स्तनांच्या कॅन्सरची तपासणी गाव सोडण्याआधीच उरकावी.

वयाची ३० वर्षं झालेल्या कोणत्याही बाईची तपासणी उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, मोफत होते. साधारण दर ५ वर्षांनी एकदा. मात्र गाठ हाताला लागली, बोंडातून रक्त आलं किंवा कातडी आत ओढली गेली, तर वय मोजत बसू नये, लगेच दाखवावं.

सुरुवात आशाताईंच्या फॉर्मपासून होते. तंबाखू, कमरेचा घेर, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, असं विचारत प्रश्न छातीतल्या गाठीपर्यंत येतात. दारात सासरे-दीर उभे असले की बाई सरळ ‘नाही’ म्हणून मोकळी होते. हा फॉर्म बचत गटाच्या बैठकीत, बायकाबायकांतच भरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढचं काम सिस्टरचं. पडद्याआड झोपवून, हात डोक्यामागे घ्यायला लावून त्या बोटांच्या पेरांनी दोन्ही स्तन आणि काख चाचपून बघतात. सुई नाही, मशीन नाही. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं बीडचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, तेव्हापासून ‘तपासायला गेलं की कापाकापी सांगतात’ ही धास्ती अनेकींच्या मनात आहे. इथे तसलं काही होत नाही. शंका वाटली तर चिठ्ठी देऊन मोठ्या दवाखान्यात पाठवतात. सोनोग्राफी, मॅमोग्राफी, गरज पडल्यास गाठीचा तुकडा तपासणं हे तिथे. गाठ म्हणजे कॅन्सरच असं नाही, बऱ्याच गाठी साध्या निघतात. कॅन्सर निघालाच तर मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे.

तपासणीसाठी आधार कार्ड आणि मोबाइल नंबर जवळ ठेवा. आभा नंबर, म्हणजे सरकारी आरोग्य खात्याचा डिजिटल ओळख क्रमांक, तिथेच काढून मिळतो. उपचाराला महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू होते, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. त्यासाठी रेशन कार्ड आणि फोटो ओळखपत्र हवं. खरी अडचण इथेच येते: आधारवर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं, नाहीतर लग्नानंतर नाव चढवलेलंच नाही. ही दुरुस्ती तहसीलच्या पुरवठा शाखेत हंगामाआधी करून घ्या. फडावरून ती होत नाही.

चिठ्ठी मिळाली आणि गाडी उद्या निघणार असेल तर मूळ चिठ्ठी सोबत न्या, मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात ती दाखवता येते, गाव दुसरं असलं तरी. महात्मा फुले योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची मदत करणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. आधी तिथे जा. योजनेची चौकशी १५५३८८ या नंबरवर होते.